डेल्फियाच्या हाताला बसणारं पिस्तूल

डेल्फिया कोम्ब्सचे हात इतके लहान होते, की लग्नाच्या दिवशी एस्टिलने घातलेली अंगठी बोटावरून दोनदा निसटून पाद्र्याच्या बुटात जाऊन पडली, असं त्या खोऱ्यात अजून सांगतात. खोटं आहे. एकदाच पडली. त्याच हातांनी तिने कोळशाच्या खाणीतून काळाठिक्कर होऊन येणारा नवरा जन्मभर घासून गोरा केला, सासूसासऱ्यांना शेवटचं पाणी पाजलं आणि एक मुलगा वाढवला. आता त्या हातांना पेलेल असं पिस्तूल हवं होतं, आणि ते हवं होतं त्याच मुलापासून घर राखायला.

हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं आणि तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. लोक ‘चोर’ म्हणायचे. चोर पहिल्यांदा आला तेव्हा मागच्या दाराची काच फोडून टीव्ही आणि एस्टिलची अवजारं घेऊन गेला. कुत्रं भुंकलं नाही, उलट शेपूट हलवत त्याला पुलापर्यंत पोचवून आलं. दुसऱ्यांदा रविवारी चर्चमधून परतलेल्या डेल्फियाला तो कपाटापाशी उभा सापडला. तिचा लोनी. नशेच्या गोळ्या खाऊन खाऊन डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. तिने दंड धरला, त्याने ढकललं, ती स्टोव्हवर आपटली. जाताना त्याने बापाचं रिव्हॉल्व्हर नेलं. ते इतकं जड होतं, की एस्टिल ते कमरेच्या एका बाजूला लावून निघाला की गोल फिरून पुन्हा घरीच यायचा.

एस्टिलचा धाकटा भाऊ ऑर्विल दूरच्या डेटन शहरातून गाडी हाकत आला. वहिनी बरगडीवर हात दाबून चालते आहे हे त्याने पाहिलं आणि कॉफी तशीच ठेवली.

“वहिनी, दोनातलं एक कर. घरात पिस्तूल ठेव, नाहीतर माझ्याबरोबर डेटनला चल.”

“डेटनला तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?”

“शेजाऱ्याची खिडकी.”

इथे तिच्या खिडकीतून मागचा चढ दिसायचा, आणि चढावर एस्टिल, त्याचे आईबाप आणि जन्मून आठवडाभरही न जगलेली तिची मुलगी, सगळे एका ओळीत झोपलेले. रोज सकाळी कॉफी पिताना ती त्यांच्याशी बोलायची. त्यांतलं कुणी उलटून बोलत नसे, म्हणून ती मंडळी तिला हल्ली जास्तच आवडू लागली होती.

“मग पिस्तूल,” ती म्हणाली.

बर्चेल नेपियरचं बंदुकांचं दुकान घाटाच्या तोंडाशी होतं. बर्चेल लहानपणी चर्चमध्ये डेल्फियाच्या रविवारच्या शाळेत बसायचा. आता तो एवढा रुंद झाला होता, की दुकानात त्याच्या मागे काय माल आहे ते त्यालाही नक्की ठाऊक नसावं.

ऑर्विलने काचेखालचं सगळ्यांत चिमुकलं पिस्तूल उचललं. मूठ जांभळी, वजन चिमणीएवढं. “लहान हात, लहान पिस्तूल. झालं काम.”

“तुमच्यासारखे नवरे आणि दीर नसते तर ही जांभळी पिस्तुलं माझ्याकडे पडून राहिली असती,” बर्चेल म्हणाला. “तुम्ही घेता, बायका एकदा उडवतात आणि जन्मभर ड्रॉवरमध्ये ठेवतात. मावशी, मागे चला. माझ्या चढावर उडवून बघितल्याशिवाय मी देत नाही.”

दुकानामागे डोंगर कापून केलेल्या मातीच्या भिंतीसमोर फळ्यांवर कागदी ताटल्या ठोकल्या होत्या. डेल्फियाने आधी ऑर्विलचं मन राखलं. जांभळ्या पिस्तुलाचं वरचं पोलाद मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत चढेना, आणि त्याची स्प्रिंग इतकी ताठ, की ओढता ओढता तिचे दात दिसू लागले. शेवटी ऑर्विलने ओढून दिलं. पहिली गोळी उडाली आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. दुसरीला मनगट सैल पडलं आणि रिकामं काडतूस निम्मं बाहेर येऊन अडकून बसलं. ताटली तशीच कोरी.

“खेचर परवडलं,” ती म्हणाली. “ते लाथ मारायच्या आधी कान तरी पाडतं.”

“हलकं पिस्तूल सगळा धक्का हाताला देतं,” बर्चेल म्हणाला. “जरा वजनदार असलं की निम्मा स्वतःच गिळतं. हात द्या इकडे.”

मग त्याने छोटं रिव्हॉल्व्हर दिलं. ते अडकणारं नव्हतं, पण चाप इतका कडक, की एका बोटाने दबेना, दुसरं लावलं तर नळी वर आकाशाकडे. बर्चेलने ते काढून घेतलं आणि आतून एक काळं, साधं पिस्तूल आणलं. जांभळ्यापेक्षा बोटभर मोठं, पण मूठ चपटी.

“हे मोठं आहे,” ऑर्विल म्हणाला.

“बाहेरून. मावशी, मनगट सरळ ठेवा. बोटाचं पहिलं पेर चापावर येतं का? आलं. आता ओढा.”

वरचं पोलाद लोण्यातून सुरी जावी तसं मागे आलं. डेल्फियाने बर्चेलकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने तिची वीस वर्षं परत केली.

“हेच पिस्तूल गेल्या उन्हाळ्यात मी खोकेच्या खोके गोळ्या घालून बघितलंय. एकदा अडकलं नाही. माझी बायको त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा ठेवते, आणि तिचं बरोबर आहे.”

तिने उडवलं. हात थोडा उचलला गेला आणि परत जागेवर आला. ताटलीच्या मधोमध भोक. पुन्हा भोक. मॅगझीनमधल्या गोळ्या संपेपर्यंत ताटलीतून पलीकडचा डोंगर दिसायला लागला. ऑर्विलने मान हलवून हार मानली, जे कोम्ब्स घराण्यात आजवर दोघांनाच जमलं होतं आणि ते दोघेही चढावर पुरलेले होते.

“झालं मग,” डेल्फिया म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. “बांधून दे.”

“एक राहिलं. आधी ओरडायचं असतं.” बर्चेलने ताटली काढून माणसाच्या आकाराचा कागद लावला. “दार फुटलं की चापाच्या बाहेर बोट, आणि मोठ्याने, ‘कोण आहे, माझ्या हातात पिस्तूल आहे, मागे फिर.’ ओरडता येत नाही त्याला मी विकत नाही. रिकामंच धरा.”

डेल्फियाने पिस्तूल धरलं. वाऱ्याने कागद एका खांद्याशी जरा वाकला. तिने छाती भरून श्वास घेतला.

“लोनी, जेवलास का रे?”

कागद फडफडत राहिला. ऑर्विलने टोपी काढून पुन्हा घातली.

“परत करते,” ती म्हणाली. “माझं चुकलं. परत.”

“सावकाश, मावशी.”

तिने पाय रोवले. “लोनी, दार लोटून घे, थंडी आत येतेय.”

“नाव नका घेऊ,” बर्चेल हळूच म्हणाला. “नुसतं ‘कोण आहे’ म्हणा.”

“कोण आहे ते मला ठाऊक आहे ना, बर्चेल.”

तिने तिसऱ्यांदा हात उचलला, आणि या वेळी तोंडातून काहीच आलं नाही. नळी मात्र हळूहळू खाली जाऊन जमिनीकडे वळली. पिस्तूल हाताला तसंच घट्ट, नीट बसलेलं होतं. त्यात काहीही खोट नव्हती.

बर्चेलने ते तिच्या बोटांतून सोडवून घेतलं. “तो हे तुमच्या हातातून काढून घेईल,” तो म्हणाला. “तुम्ही काढून घेऊ द्याल.”

“हो,” डेल्फिया म्हणाली. मग ती दिराकडे वळली. “ऑर्विल, तुझ्याकडे मला पलंग आहे का, की कोचावर झोपवणार आहेस?”

“पलंग आहे, वहिनी.”

शनिवारी ती चढावर गेली आणि त्या ओळीतल्या प्रत्येकापाशी थोडा थोडा वेळ बसली. काय बोलली ते कुणी ऐकलं नाही, नाहीतर मी सांगितलं असतं. खाली आल्यावर कुत्र्याला गाडीत चढवलं. ऑर्विल दाराला नवं कुलूप लावायला निघाला, तर तिने ते त्याच्या हातातून घेतलं.

“काच फोडली की हात कापतो त्याचा,” ती म्हणाली.

खोऱ्यातले लोक सांगतात, की लोनीने आधी स्टोव्ह विकला, मग नळ, मग भिंतींतली तांब्याची तार, आणि शेवटी घर आत इतकं पोकळ झालं, की वारा आला की ते शिट्टी वाजवायचं. हे निदान तारेपर्यंत खरं आहे.

डेटनच्या चर्चमध्ये डोंगरातून आलेल्या म्हाताऱ्या पुष्कळ. एकमेकींच्या घरांची त्या चौकशी करतात, कुणाकडे आहे, कोण बघतं. डेल्फियाला विचारलं की ती हातातला रुमाल नीट घडी करते.

“मुलाकडे आहे,” ती म्हणते. “आता तोच बघतो.”