दोनमिनिटे यांची गाडी

गल्लीतल्या पोरांनी तिच्या वडिलांचं आडनावच बदलून टाकलं होतं. गाडी दारात येऊन थांबली तरी ते इंजिन बंद करत नसत, आत बसून राहत. कुणी विचारलंच तर काच खाली करून दोन बोटं दाखवत आणि म्हणत, "दोन मिनिटं." त्यावरून ते दोनमिनिटे झाले. एकदा तर पोस्टमनही दारात येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "दोनमिनिटे इथेच राहतात ना?" आई हसून हसून खाली बसली होती. लेकीला मात्र लाज वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेल्या, घर आलेलं, आणि हे आपले घड्याळाकडे बघत बसलेले.

"बाबा, उतरा ना आता. विमान उतरवलंय का आपण?"

"टर्बो आहे बाई. त्याला दम खाऊ दे."

त्यांनी नोकरीभर एका कारखान्यात बेअरिंगं तपासली होती. केसाएवढी ढिलाईही त्यांच्या बोटांना कळायची. टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी तिला एकदा नीट समजावलंही होतं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. एवढ्या वेगात त्याचा दांडा टेकलेला असतो कशावर, तर तेलाच्या पातळ थरावर. गाडी पळवत आणून पटकन बंद केली, की तेल थांबतं पण उष्णता थांबत नाही. आत अडकलेलं तेल जळून त्याची खरपुडी धरते. "एक दिवस काही होत नाही," ते म्हणाले होते, "शंभर दिवस काही होत नाही. म्हणून तर माणसं फसतात." तेव्हा ती पुस्तक वाचत होती. पानावरची नजर न काढता ती "हं" म्हणाली होती.

बाबा गेले आणि गाडी तिच्याकडे आली. ती शेजारच्या शहरातल्या ग्रंथालयात काम करायची. रोज तीस किलोमीटर जायचं, तीस यायचं, सगळा रस्ता सुसाट. घरून निघायला उशीर ठरलेला. फाटकाशी गाडी लावायची, लागलीच बंद करायची आणि पळायचं. बाबांच्या आठवणीने त्या रिकाम्या गाडीत बसवत नव्हतं, असं सांगता आलं असतं, आणि कुणी अविश्वासही दाखवला नसता. पण ते खरं नव्हतं. तिला कंटाळा यायचा, एवढंच. बॉनेटच्या आतल्या बाजूला बाबांनी चिकटवलेल्या चिठ्ठीवर पुढचं तेल किती किलोमीटरला बदलायचं तो आकडा होता. त्याच्या पुढे गाडी साडेनऊ हजार गेली होती. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी, असं म्हणता म्हणता अकरा महिने झाले.

मग एका चढावर शिट्टीसारखा आवाज आला. आरशात मागचा रस्ता निळ्या धुराने भरून गेला आणि गाडीतला जीवच गेला. ओढून न्यायला गाडी येईपर्यंत तिने बॉनेट उघडलं आणि ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. आपण ती का काढतोय, याचा विचार तिने केला नाही. हातांनी परस्परच ते काम उरकलं.

बाबांचा जुना मिस्त्री गॅरेजच्या दारातच उभा होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच. "तेल कधी बदललं होतं गं?"

"बाबांनीच बदललं असेल तेव्हा," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षात त्यांना जमलं नसावं. मी तर आत्ता हातात घेतली."

मिस्त्रीने नुसत्या भुवया उंचावल्या.

रात्री दादाचा फोन आला. तो दूरच्या शहरात असायचा आणि तिथून सगळ्या गोष्टी त्याला स्वच्छ दिसायच्या. "मी तेव्हाच बोंबलत होतो, टर्बोचं इंजिन घेऊ नका म्हणून. साधं इंजिन बैलासारखं राबतं, ह्याचे नखरे फार. त्यात बाबांनी शेवटी शेवटी तेलाकडेही लक्ष दिलं नसणार."

फोनचा आवाज मोठा होता. आई समोरच बसली होती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गुडघे चोळत राहिली.

"माझ्यापायी झालं हे," ती म्हणाली. "वर्षभर रोज गुडघ्यांच्या व्यायामाला मला न्यायचं, आणायचं. गाडीकडे बघायला सवड कुठे होती त्यांना? जो माणूस दुसऱ्याची गाडी चुकीची वाजली तरी रस्त्यात थांबायचा, तो स्वतःच्या गाडीचं तेल विसरला. केवढा थकला असेल. आणि मला कळलंसुद्धा नाही."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. लेकीने तोंड उघडलंही. "चहा टाकू का?" एवढंच बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी आई व्यायामाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षा दारात बोलावली, तर ती परत पाठवली. "जाऊ दे. ह्या गुडघ्यांनी बरंच खाल्लंय." आठवड्यात ती पुन्हा भिंत धरून चालायला लागली. भांडी घासता घासता मध्येच थांबून विचारायची, "खरंच इतके थकले असतील का गं ते?" आणि आयुष्यभर शब्दांच्या सोबतीत राहिलेली, हजारो पुस्तकं लोकांच्या हाती ठेवणारी तिची ही लेक म्हणायची, "काय माहीत."

आठव्या दिवशी मिस्त्रीने तिला बोलावून घेतलं. खोललेला टर्बो बाकावर फडक्यावर मांडला होता, गोगलगाईच्या शंखासारखा.

"हा दांडा हलवून बघ."

तिने हलवला. तो दुखऱ्या दातासारखा डुगडुगला.

"ही तेलाची नळी. हिच्यात सुई घालून दाखव." सुई जाईना. आत काळा दगड झाला होता. "आता इकडे ये. लोक म्हणतात टर्बो इंजिन खातो. तुझा दादापण म्हणत असेल."

"म्हणतो."

"त्याला हे दाखव." इंजिनात सोडलेल्या बारीक कॅमेऱ्याचं चित्र त्याने पडद्यावर आणलं. धातूच्या गोल भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी होती. "कारखान्यातून निघताना ह्या रेघा मारलेल्या असतात. झिजलं की पहिल्या ह्याच जातात. अडीच लाखाच्या वर चाललीय गाडी, आणि रेघा बघ, कालच्यासारख्या. टर्बो ताण देतो, खोटं कशाला बोलू? दाब जास्त, ताप जास्त, तेल लवकर मरतं. पण तेल वेळेवर दिलं आणि तापलेल्याला जरा निवू दिलं, तर तो इंजिनाच्या बरोबरीने म्हातारा होतो. हा असा वर्षभरात मेलाय."

"म्हणजे बाबांच्या शेवटच्या वर्षात?" तिने विचारलं.

मिस्त्रीने बाकाखालून तेलाचा फिल्टर काढला, तेलाबरोबर दर वेळी नवा बसवतात तो मुठीएवढा पत्र्याचा डबा, आणि फडक्याने पुसून तिच्यापुढे उभा केला. त्यावर मार्करने लिहिलेलं होतं. तारीख आणि खाली किलोमीटर. पाच आणि सहा यांचं पोट बाबांच्या नेहमीच्या अक्षरासारखं जरा जास्तच गोल. बाबा गेले त्याच्या सव्वीस दिवस आधीची तारीख होती ती.

"चिठ्ठी तू काढलीस," तो म्हणाला. "डिंकाचे चार कोपरे राहिलेत अजून. साहेब फिल्टरवरपण लिहायचे, हे तुला ठाऊक नव्हतं."

पायाखाली गॅरेजची तेलकट फरशी होती. त्या फरशीने दुभंगावं तरी कुणासाठी?

"मिस्त्रीकाका, मी..."

"मला नको सांगूस. माझं काय, दुरुस्त करीन नि मोकळा होईन. काल तुझी आई फोनवर माझी माफी मागत होती. 'ह्यांच्याकडून हयगय झाली, तुम्ही मनात काही आणू नका,' म्हणाली. साहेबांच्या वतीने माफी! माझ्याकडे!" पाना त्याने जरा जोरातच खाली ठेवला. "तेवढं बघ जरा."

ती घरी चालत गेली. आई जेवणाच्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. तिने खुर्ची ओढली आणि बसायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा चहाचं विचारलं असतं. तेल बाबांनी बदललं होतं. वेळेवर. अकरा महिने मीच बदललं नाही. गरम गाडी रोज बंद केली. चिठ्ठी मी खरवडून काढली. मिस्त्रीकाकांना खोटं सांगितलं. तुला सांगितलं नाही.

आईचे हात थांबले. रडेल, असं तिला वाटलं होतं. आई रडली नाही.

"आठ दिवस," आई म्हणाली. "आठ दिवस मी त्यांना मनातल्या मनात सांगतेय, की माझं चुकलं. आणि तू इथे ह्याच खुर्चीवर बसून जेवत होतीस."

"हो."

"काय माहीत, म्हणालीस मला."

"हो."

"गाडी गेली चुलीत. पत्रा तो. पण मेलेल्या माणसाला परत येऊन सांगता येतं का, की मी नाही केलं म्हणून?"

तिने एक शेंग हातात घेतली. आईने ती काढून घेतली.

"राहू दे. दादाला लाव फोन."

"रात्री लावते. आत्ता तो कामात—"

"आत्ता. मोठ्या आवाजावर. त्याने जे ऐकवलं ते मीपण ऐकलं होतं, तेव्हा तू जे सांगशील तेही ऐकेन."

तिने फोन शेंगांच्या सालांच्या ढिगाशेजारी ठेवला. चौथ्या घंटेला दादाने उचलला. "हां, बोल. काय म्हणतोय मिस्त्री? इंजिनपण गेलंय ना? मी म्हणत होतोच, बाबांनी—"

"दादा," ती म्हणाली, "बाबांचं नाव घेऊ नकोस. आधी ऐक."

आईने शेंगा बाजूला सारल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून ती ऐकायला बसली.