एका फळीला एक खिळा

जयसिंगनं एकतीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न केले. ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडाचा नमुना म्हणजे पॅटर्न. तो केसभर हलला तर ढीगभर माल भंगारात. म्हणून लाकडाला हलू द्यायचं नाही, एवढं एकच तत्त्व त्यानं जन्मभर पाळलं. २००२ साली कंपनीनं ॲल्युमिनियमचे पॅटर्न आणले आणि त्याला नारळ दिला.

घरी बसलेल्या माणसाला काम हवं होतं आणि त्याच्या बायकोला, शेवंताबाईला, शिवणक्लाससाठी माडीवरची खोली कोरडी हवी होती. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड अशी बसायची, की मशिनीवरचं कापड दमट व्हायचं. "बाहेरनं फळ्या मारतो. बघच तू," जयसिंग म्हणाला.

पुढच्या जानेवारीत त्यानं भिंतीला उभ्या पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर किंजळाच्या लाकडाच्या आडव्या फळ्या मारल्या. खालचीवर वरची इंचभर चढवली आणि जिथं चढली तिथं दोन्हींतून आरपार खिळे. गल्ली बघायला आली. "ही भिंत न्हाय, कपाट हाय कपाट!" शेजारचा गुंडू म्हणाला. जयसिंगच्या मिशीत हसू मावेना.

एप्रिलात दुपारी आवाज यायला लागले. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. फळ्या चिरत होत्या, नेमक्या खिळ्यापासून. अकरा चिरल्या. त्यात वळीव येऊन गेला आणि प्रत्येक काळ्या खिळ्याखाली गंजाचा ओघळ उतरला. जयसिंगनं रंधा, हातोडी पोत्यात बांधून कॉटखाली सारली. "हात गेलं माझं," एवढंच म्हणाला. नोकरी गेली तेव्हाही तो असं बोलला नव्हता. शेवंताबाई खोलीचं विसरली. तिला आता ह्या माणसाचीच काळजी लागली.

चिरलेला तुकडा आणि गंजका खिळा पिशवीत टाकून तिनं शाहूपुरीतलं प्रभुलिंगचं हार्डवेअर दुकान गाठलं. त्यानं तुकडा उलटासुलटा केला.

"काकू, मारलंय कुणी हे?"

"का वो अण्णा?"

"हात लई झ्याक हाय. पर लाकडाला पार जखडून टाकलंय की! फळी उन्हात आकसती, पावसात फुगती. वरनं-खालनं खिळल्यावर बिचारीनं जायाचं कुठं?" त्यानं जस्त चढवलेले अडीच इंची खिळे पुढं ठेवले. "ह्ये गंजत न्हाईत, आतल्या पट्टीत खोल बसत्यात. दर पट्टीवर एका फळीला एकच मारायचा, खालच्या फळीच्या काठाच्या जरा वर. खालचीला लागू द्यायचा न्हाय."

परतताना ती घोकत आली. बायकोनं सांगितलेलं नवऱ्याच्या कानात शिरायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. शिरलंच तर तो ते स्वतःचं म्हणून बाहेर काढतो, हेही. तरी तिनं खिळे त्याच्यापुढं ठेवले आणि सगळं सांगितलं.

"त्या दुकानदाराला काय कळतंय? मी आर्ध्या मिलीचं काम केलंय."

"व्हय की. पर तुमचा पॅटर्न कवा पावसात भिजला हुता का?"

जयसिंगनं खिळा उचलून अंगठ्यानं चाचपला.

"न्हाय," तो म्हणाला. "आमचं स्टोअर कोरडं ठाक. उनाची तिरीपसुदिक न्हाय."

"मग हाताला कशाला बोल लावताय?"

सकाळी तिला जाग आली ती खिळे उपसायच्या कुरकुरीनं. फुटक्या फळ्या त्यानं बदलल्या. टोकाजवळ फळी चिरू नये म्हणून आधी बारीक भोकं पाडली. हे प्रभुलिंगनं सांगितलं नव्हतं, ते त्याचं त्याचंच.

खालून गुंडूनं हाक घातली, "काय जयसिंगराव, चांगलं केल्यालं मोडताय व्हय?"

फळीचं दुसरं टोक धरून शिडीवर उभ्या शेवंताबाईनं चटकन खाली बघितलं.

"चुकलं हुतं!" जयसिंग वरनंच ओरडला. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "लई जखडलं हुतं. हिनं सांगितलं, आता जागा ठेवून मारतोय." आणि तिच्याकडं वळून खेकसला, "आणि तू खाली काय बघतीस? फळी सरळ धर की!"

एरवी तो असा खेकसला असता तर तिनं फळी तिथंच सोडून दिली असती. आज तिनं मुकाट्यानं सरळ धरली.