हिओकताईची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे आणि माझ्यावर आजवर एकही जिवंत माणूस बसलेला नाही. हे मी अभिमानाने सांगतो.

माझा जन्म पिनांगच्या किनाऱ्यावरचा. मासेमारीची एक होडी फुटली, तिच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. मजबुती जोखायला त्याने माझ्यावर तांदळाचं पोतं ठेवलं, स्वतः टेकला नाही. आमच्या चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात मेलेल्यांना इकडे यायची मोकळीक मिळते. त्यांच्यासाठी देवळापुढे मांडव पडतो, संगीत नाटक होतं आणि पहिली रांग त्यांची असते. ती रांग म्हणजे मी. जिवंत माणसं दुसऱ्या रांगेपासून मागे.

ज्यांच्या नावाची पाटी घरच्या देव्हाऱ्यात आहे, ते घरी जेवतात. माझा खरा आधार बाकीच्यांना: समुद्राने नेलेले, बेवारशी आणि लग्नाआधी गेलेल्या मुली. होय, मुली. बापाच्या घरात त्यांची पाटी लागत नाही, नवऱ्याच्या घरी लागायची असते. लोक याला रीत म्हणतात. मी लाकूड आहे, मला लाज वाटायचं कारण नाही. त्यांना वाटायला हवी होती.

हिओक अशीच एक. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन वाढवलं, एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली आणि त्याच घरात तिला वीतभर फळी मिळाली नाही. तेव्हापासून तिची धाकटी बहीण सू खिम दरवर्षी दुपारच्या खेळाला येते. माझ्या डाव्या टोकाला पेरूच्या फोडी ठेवते, वर आंबट-खारट पूड. मग मागच्या रांगेतून ताईला गावभरच्या चहाड्या सांगते. कोण कुणाबरोबर पळालं, कुणाला टक्कल पडलं. मीही कान देऊन ऐकतो. सू खिमचंही लग्न झालं नाही. म्हणजे मी गेलो, तर उद्या तिलाही बसायला जागा नाही.

मागच्या वर्षी देवळाच्या मंडळावर बून तेक हा कंत्राटदार आला. त्याने पहिल्या रांगेत बड्या पाहुण्यांसाठी मखमली सोफा मांडला आणि मला स्वयंपाकाच्या मांडवामागे टाकलं. बायका माझ्यावर कोबी चिरू लागल्या. कोबीबद्दल माझी तक्रार नाही. पण माझे पाहुणे, ते मेलेले, येणार होते आणि मी तिथे नव्हतो.

सू खिम आली, तर ताईच्या जागेला लागूनच बून तेक पाय पसरून बसलेला. ती भांडली नाही. शोधत शोधत कोबीपर्यंत आली, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि फरफटत सोफ्यापुढे आणलं. सत्तरीची बाई, गुडघे धड नाहीत. एकाही बाप्याने हात लावला नाही.

बून तेक हसून म्हणाला, "मावशी, मेलेल्यांनीही आता जरा मऊ बसावं की."

"बसू देत ना. तूही बस," सू खिम म्हणाली. "फक्त माझी ताई बिनलग्नाची आहे, बाबा. एवढा खेटून बसलास तर तिला वाटेल, मुलाला मी पसंत आहे. मग तिची पाटी तुझ्याच घरात लावावी लागेल."

दुसऱ्या रांगेतून बून तेकची बायको म्हणाली, "माझी ना नाही. स्वयंपाक तिने करावा."

मांडवात हशा पिकला. आमच्याकडे मेलेल्या मुलींची लग्नं खरंच लावतात, त्यामुळे बून तेक हसला नाही. असा ताडकन उठला, की पाहुणेही त्याच्यामागे उठले. सोफा मागे गेला, मी माझ्या जागी आलो आणि मगच पडदा वर गेला.

मित्रांनो, मला रंग लावा म्हणून मी गळ घालत नाही. तुमच्या मुलींना तुमच्याच घरात जागा द्या. मग मी कायमचा रिकामा पडलो, तरी सुखाने पडेन.

यंदा सू खिम आली ती जरा दमलेली. पेरू ठेवला, चहाड्या सांगितल्या. मग ताईच्या शेजारची फळी हाताने चाचपली आणि बून तेकला हाक मारली.

"इथला खिळा वर आलाय," ती म्हणाली. "हातोडी आण. पुढेमागे मला इथेच बसायचंय."

बून तेकने गुडघे टेकून खिळा ठोकला. सू खिमने त्यावरून पुन्हा हात फिरवला आणि निवांतपणे दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.