बाबांचा क्लायमॅक्स

इंग्रजी संभाषणाच्या क्लासचे सर व्याकरण शिकवत नसत. बहुधा त्यांनाच येत नसावं. "गोष्ट सांगा, जीभ आपोआप सुटेल," एवढ्या एका वाक्यावर त्यांचं दुकान चालायचं. एकाने आपल्या घरची गोष्ट सांगायची, मग बाकीच्यांनी तीच 'मी, माझं' करून आपली म्हणून सांगायची. सगळा उष्ट्याचा कारभार.

क्लासला येणाऱ्या धाकटीला हा निव्वळ पोरखेळ वाटे. पण हॉटेलच्या चादरी धुऊन तिचे हात सोलवटले होते आणि त्याच हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर जागा निघाली होती. अडला हरी, दुसरं काय.

तिने बाबांची गोष्ट सांगितली. बाबा लिफ्टदुरुस्ती करत. एकदा लिफ्टमध्येच अडकले, रात्रभर गाणी म्हणत बसले, सकाळी बाहेर येऊन आधी चहा मागितला. सरांनी नाक मुरडलं. क्लायमॅक्स कुठाय? त्यांनी बाबांना तिथल्या तिथे गुदमरवून मारलं. वर्ग हळहळला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मेलेल्या बाबांवर तिची जीभ खरोखरच सुटली.

मुलाखतीला तिच्या आधी वर्गातला टायवाला आत गेला. अकलेचा खंदक, पण आवाज गोड. नंतर ती गेली. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. तयार गोष्ट एकच होती. तिने ती सुरू केली. लिफ्ट बंद पडते न पडते तोच मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या मधल्या बाईंनी हसू दाबत सांगितलं, की हे वडील आत्ताच त्या टायवाल्याचे म्हणून वारले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत धाकटी म्हणाली, ते माझेच आहेत, जिवंत आहेत, खाली बसलेत. त्यावर कोणी हसलंही नाही. धडधाकट बापाला मारणारी मुलगी काउंटरवर कोण उभी करणार? तिला तिथेच नकार मिळाला.

खाली बाकावर बाबा वाट बघत होते. काय झालं, विचारलं.

"तुम्हाला मारलं, बाबा. लिफ्टमध्ये. सरांनी सांगितलं म्हणून."

"आणि नोकरी?"

"टायवाल्याला मिळणार. त्यानेही तुम्हालाच मारलं."

वर्गात सगळ्यांना तुच्छ लेखणाऱ्या धाकटीला आता स्वतःचीच किळस आली. बाबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

"म्हणजे त्याच्या हातून मेलो ते कामी आलं," ते म्हणाले. "तुझ्या हातून फुकटच."