चौदा नंबरचं दुकान

नानांच्या हाती कात्री आली तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती. एवढ्या काळात कात्री, फणी आणि वस्तरा सोडून चौथं हत्यार त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. तरीही रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं, की वणव्यात टेकडीवरची एक अख्खी वस्ती जळाली आहे आणि मंडळीतर्फे घरं उभारायला माणसं न्यायची आहेत, तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो नानांचा.

बायको शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, साधा दिवा बदलायचा तरी आपण वायरमन बोलावतो."

"विटा तर उचलीन?"

"उचलाल हो. ठेवाल कुठे, त्याची काळजी आहे."

तरी तिने पिशवी भरून दिली. नानांनी सवयीने तिच्यात आपली हत्यारांची पेटीही टाकली.

वस्तीवर पोचल्यावर मात्र बसमधल्या गप्पा आपोआप बंद पडल्या. चढणीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळे चौथरे होते. कुठे भिंतीचा एखादा कोपरा, कुठे घडी पडलेला पत्रा, कुठे घर गेलेलं आणि पायऱ्या तेवढ्या शिल्लक. माणसं वेळेत खाली आणली होती म्हणून जीव वाचले होते, एवढंच काय ते सुख. सगळी कुटुंबं शाळेच्या वर्गांत राहत होती. मध्ये चादरींचे पडदे, बाकांवर संसार, आणि फळ्यावर गणिताऐवजी आंघोळीचे नंबर.

कामाची सूत्रं गवंडीबाईंकडे होती. तीस वर्षं भिंती रचलेली बाई. बोलणं ओळंब्यासारखं, इकडे नाही की तिकडे नाही. कोणतं घर आधी, कोणतं नंतर, याची यादी त्यांच्या एप्रनच्या खिशात असे. पहिल्या दिवशी नानांनी कालवलेल्या सिमेंटची ढकलगाडी उलटवली, ती नेमकी बाईंच्या बुटांवर. दुसऱ्या दिवशी त्यांना खिळे ठोकायला दिले. सतरातले सोळा वाकले आणि सतराव्याने अंगठ्याचा समाचार घेतला.

"नाना," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा विश्वास दांडगा आहे. पण नुसत्या विश्वासावर छप्पर राहत नाही. तुम्ही चाळण घ्या."

चाळणीचं काम म्हणजे राख चाळायची आणि त्यातून घरच्यांच्या ज्या काही वस्तू हाती लागतील त्या बाजूला काढायच्या. तिसऱ्या दिवशी नाना एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी राख चाळत होते. तीन चमचे, एक कुलूप आणि दाराची मूठ निघाली. त्या शेजारी डबा उलटा घालून बसल्या होत्या. पळताना ठिणगी पडून त्यांचे केस डाव्या बाजूला कानापर्यंत करपले होते.

"इकडून मी मुख्याध्यापिका दिसते," त्या म्हणाल्या, "आणि तिकडून बुजगावणं. शाळेतली पोरं कुठल्या बाजूला नमस्कार करावा म्हणून घोटाळतात."

नानांनी चाळण खाली ठेवली, हात धुतले आणि पेटी आणली. वीस मिनिटांत दोन्ही बाजूंचा तंटा मिटला. बाईंनी खिडकीच्या फुटक्या काचेत स्वतःला पाहिलं, मानेवरून हात फिरवला, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी हसल्या.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत रांग लागली. नानांनी शाळेची एक खुर्ची मागून घेतली, गळ्याभोवती गुंडाळायला पांढरं कापड घेतलं, आणि हाताबरोबर तोंडही सुरू केलं. कुणाच्या सासूची नक्कल, कुणाच्या टकलाची विचारपूस. दोन आठवडे जी माणसं अर्जांपलीकडे काही बोलली नव्हती ती खदाखदा हसू लागली. पाळकसाहेब स्वतः येऊन पाठ थोपटून गेले. नाना तर असे फुलले की त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. "बघा," ते गवंडीबाईंना म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं."

बाई म्हणाल्या, "माझे बूट तुमचे आभारी आहेत."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी रांगेतून एक सडपातळ, साठीचा माणूस पुढे आला. आठवड्याची दाढी वाढलेली, पण सदरा नीट खोचलेला. रांगेतल्या माणसांनी त्याला पाहून नजरा जरा इकडेतिकडे वळवल्या. नानांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी साबण फेसला आणि वस्तरा लावला.

"थोडा सपाट धरा," माणूस म्हणाला. "माझ्या गळ्याचा केस उलटा फिरतो."

नानांनी वस्तरा सपाट धरला. खरंच केस उलटा फिरत होता.

"आणि खालून वर जाताना कातडी अंगठ्यानं ताणा. अंगठा दुखतोय वाटतं तुमचा?"

नानांचा हात थांबला. "आपणही याच धंद्यातले?"

"होतो. त्या वळणावर माझं दुकान होतं. मामाचं दुकान म्हणायचे. दुकान जळलं ते जळलंच. मग मेहुण्याकडून एक कात्री आणली आणि शाळेत वर्गावर्गांतून फिरायला लागलो. दिवसाला तीन-चार डोकी व्हायची, घरात भाजी यायची. गेल्या चार दिवसांत एक डोकं नाही." मामांचा आवाज चढला नाही. "फुकट मिळतंय तर कोण पैसे देईल? त्यांचा दोष नाही. आमच्यात म्हणतात ना, एकाची जळते दाढी आणि दुसरा तिच्यावर पेटवतो विडी. मी म्हटलं, आपणही बसून बघावं, विडी पेटवणारा आहे तरी कसा."

नानांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला साधं खरचटू दिलं नव्हतं, आणि इथे हसत-खेळत, देवाचं नाव घेऊन, त्यांनी एका धंदाबंधूचा केसाने गळा कापला होता. त्यांनी वस्तरा कापडाला पुसला. 

"मामा," ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं हे दिसलंच. पण आता अर्धी झालीय, तर पुरी करा. असा शाळेत परत गेलो तर बायको पडद्याच्या आत घ्यायची नाही."

नानांनी उरलेली दाढी केली. आयुष्यात कधी केली नव्हती इतकी जपून केली. मग कापड झटकलं आणि रांगेला सांगितलं, "माझं दुकान बंद. यापुढे मामांकडे जायचं."

रांगेत कुरकुर झाली. नानांनी पेटी मामांपुढे धरली. मामा दोन पावलं मागे सरले.

"दान नको," ते म्हणाले. "कपडे घेतले, पांघरुणं घेतली, पीठ घेतलं. आता हत्यारंही कुणाची तरी घ्यायची म्हणजे मी न्हावी कसला?"

नानांनी पेटी खाली ठेवली. मग खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःच कापड गळ्याभोवती गुंडाळलं. "बरं, दान राहू दे. माझी मान बघा कशी वाढलीय. जगात न्हाव्याचंच काम न्हाव्याला स्वतःवर करता येत नाही. घ्या कात्री. पैसे देणार आहे."

मामा थोडा वेळ त्यांच्या मानेकडे बघत उभे राहिले. वाढली होती खरी, आणि कुणा अर्धवटाने मागच्या वेळी डाव्या अंगाला पायरी पाडून ठेवली होती. खरा कारागीर ती पायरी बघून निघून जाऊ शकत नाही. मामांनी कात्री उचलली, दोनदा हवेत चालवून बघितली आणि कामाला लागले. रांगेतली माणसं बघत होती. शेवटी मामांनी भाव सांगितला. नानांनी मोजून दिले. मग रांगेतला पहिला माणूस खिसा चाचपत पुढे आला आणि त्याच्यामागचा दुसराही.

पण रांगेचं काम झालं म्हणजे सगळं झालं असं नव्हतं. नानांनी त्या दुपारी गवंडीबाईंना गाठलं. "मामांचं दुकान बांधायला हवं."

बाईंनी यादी काढली. "यादीत घरं आहेत. दुकान नाही. मामांचं घर चौदा नंबरला आहे, आणि आपण आहोत नवव्यावर. एकाला मध्ये घेतलं तर बाकीचे मला खातील."

"पण पोट?"

"पोट सगळ्यांनाच आहे, नाना."

हे बोलणं चाललं असताना मामी चहाची किटली घेऊन आल्या होत्या. शाळेतल्या सगळ्या वर्गांना सकाळ-दुपार चहा देणं त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांनी कप भरता भरता विचारलं, "बाई, आमच्या घराला खोल्या किती?"

"दोन. पुढची मोठी, मागची लहान."

"आणि दार कुठे?"

"अंगणाकडे."

"ते रस्त्याकडे फिरवा. पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान, मागच्या खोलीत आम्ही दोघं. दिवसभर माणसं आली तर मला बरंच आहे. नाहीतर हे घरात बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते गिऱ्हाइकाशी. आणि नंबर चौदाचा चौदाच राहू दे. आम्ही थांबू."

बाईंनी पेन्सिलने नकाशावरचं दार खोडलं आणि दुसऱ्या बाजूला काढलं. "रस्त्याकडे मोठी खिडकी पण लागेल," त्या म्हणाल्या. "आणि चौदा नंबरवर नाना माझ्या हाताखाली. पूर्ण वेळ."

चौदावा नंबर यादीतला शेवटचा. तो यायला पाच आठवडे लागले. नाना मध्ये एकदाच घरी जाऊन आले. या काळात बाईंनी त्यांना हातोडा धरायला शिकवलं. "वस्तऱ्यासारखा नका धरू. याला घाबरायचं नसतं, खिळ्यानं घाबरायचं." वाकणाऱ्या खिळ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. मामाही रोज दुपारी काम संपवून येत आणि विटा पाण्यात भिजवून देत.

एकदा विटा देता देता मामांनी विचारलं, "एक सांगा. हे सगळं झाल्यावर मला तुमच्या प्रार्थनेला यावं लागणार का?"

"यावंसं वाटलं तर या, नाही तर नका येऊ," नाना म्हणाले. "घराचा आणि त्याचा संबंध नाही. फक्त पाळकसाहेब दाढीला बसले तर हात हलू देऊ नका."

आरशाचा प्रश्न नानांच्या बायकोने सोडवला. त्यांच्या दुकानात दोन आरसे होते. तिने मोठा उतरवून, दोन गोधड्यांत गुंडाळून, सामानाच्या ट्रकमधून पाठवून दिला. सोबत चिठ्ठी: "तुम्हाला एक पुरे. तसंही तुम्ही गिऱ्हाइकापेक्षा स्वतःकडेच जास्त बघता." आरसा घ्यायला मामांनी नाही म्हटलं नाही. उलट तो किती उंचीवर लावायचा यावरून दोघांची तासभर जुंपली. नाना म्हणत बसलेल्या माणसाला दिसला पाहिजे, मामा म्हणत न्हाव्याला दिसला पाहिजे. शेवटी गवंडीबाईंनी मधोमध दोन खिळे ठोकले आणि दोघांना बाहेर काढलं.

दुकान उघडलं त्या सकाळी पाळकसाहेबांनी दारात लहानशी प्रार्थना म्हटली. मग मामांनी आदराने खुर्ची पुसली आणि म्हणाले, "पहिला मान साहेबांचा. बसा, केस कापतो."

 पाळकसाहेबांनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं.

"कानामागे चार असतील," ते म्हणाले. "त्यांनाही वाटू दे आपण महत्त्वाचे आहोत."

मामांनी ते चार केस पंधरा मिनिटं कापले. हात अजिबात हलला नाही.

दुपारी परतीची बस निघाली तेव्हा नाना खिडकीशी बसले होते. त्यांना वाटलं होतं, मामा निरोपाला खाली येतील. ते आले नाहीत. बस वळणावर आली तेव्हा कारण कळलं: दुकानात तिघं बसली होती, दोघं बाहेर उभी होती, खुर्चीत मुख्याध्यापिका होत्या आणि मामा त्यांना काहीतरी सांगत होते. चालकाने बस जरा थांबवली. मामांनी मोठ्या खिडकीतून पाहिलं, कात्रीचा हात वर केला आणि लगेच खाली घेतला.

मामी मात्र किटली घेऊन बसपर्यंत धावत आल्या. "ते म्हणतायत, रागावू नका. आत्ता सोडलं तर बाईंची एक बाजू राहील."

"रागावू कशाला?" नाना म्हणाले. "म्हणावं, सावकाश होऊ द्या."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून चहाचा कप घेतला. बस उतारावर लागली तसा अर्धा चहा त्यांच्या सदऱ्यावर आणि उरलेला शेजारी बसलेल्या गवंडीबाईंच्या बुटांवर सांडला. बाईंनी खाली पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि पुढच्या वस्तीची यादी काढून त्यात त्यांचं नाव लिहून टाकलं.