नखं कुठे जातात

मृणालीने क्षितिजाची मूठ एकेक बोट करत उलगडली आणि हात खिडकीपाशी उजेडात धरला. मधल्या बोटाचं नख निम्म्यावर आलं होतं. कडेचं मांस सुजून लाल झालेलं, आणि टोक अजून ओलं.

"आत्ताच खाल्लंस ना?"

दुसरीतल्या क्षितिजाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळू नये अशी.

"कुठे होतीस?"

"काकीकडे."

मृणालीला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

निजामपुऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या पंधरवड्यात त्याच बोटातला पू काढला होता. पुन्हा चिघळलं तर नखच काढावं लागेल, असं त्यांनी मुलीला बाहेर बसवून सांगितलं. कारल्याचा रस, कडुनिंब, चापट्या, सगळं करून झाल्याचं मृणालीने सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओरडू नका. कडू लावून काही होत नाही, मुलं तेही चाटून टाकतात. आधी नुसतं बघा. कुठे खाते, कुणाजवळ असताना खाते. ते कळलं की पुढचं सोपं."

बघायचं काम मृणालीला कुणी शिकवायला नको होतं.

वाटणी झाल्यापासून कामतघरच्या त्या घरात मधोमध भिंत उभी राहिली होती. ओटा तेवढा एक राहिला. भिंतीपलीकडे धाकटा दीर प्रितम आणि त्याची बायको मेघाली. मेघालीचं माहेर अंबाडीच्या पुढे, आणि अमावास्या आली की ती माहेरी जाते, हे मृणालीने हेरलं होतं. सासूबाई, पुतळाबाई, एकदा भांडी लावता लावता म्हणाल्या होत्या, "तिचा चुलता भगत हाय. अंगारे-धुपारे करतो. नखं, केस भिंतीच्या त्या अंगाला पडू द्याचं न्हाय, बाय."

मृणाली बी.एस्सी. झालेली. करणीबिरणी ऐकून ती तेव्हा हसली होती. पण त्या दिवसापासून विंचरलेले केस गुंडाळून संडासात टाकायची आणि वरून पाणी ओतायची. नखं वर्तमानपत्रावर कापायची आणि उडालेलं एखादं सापडेपर्यंत लादीवर हात फिरवत राहायची. क्षितिजाचा जुना फ्रॉकसुद्धा तिने बोहारणीला दिला नाही. विश्वास नव्हताच, पण काळजी घ्यायला काय जातं? मुलीजवळ ती यातलं अक्षर बोलली नव्हती. क्षितिजा काकीकडे निघाली की फक्त बजावायची, "तिथे आपलं काही टाकून यायचं नाही हं."

आणि आता हे. टीव्हीसमोर बसली तरी नखं शाबूत. अभ्यासाला बसली तरी शाबूत. काकीकडून आली की बोट ओलं.

"ती पोरीला काहीतरी करते," जेवताना ती नवऱ्याला म्हणाली.

"करते ना," हितेश म्हणाला. "वेणी घालते, फरसाण देते. घराची वाटणी झाली, आता पुतणीची पण करायची काय?"

"तुला सगळी गंमत वाटते."

"मग जाऊन बघ ना एकदा. ओटा ओलांडला की घर आहे. लिंबू-बिंबू कापत असली तर मला पण हाक मार, सरबत घेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चपला न घालता गेली. मागच्या शेडमधले कापडाचे लूम धडधडत होते. दाराच्या पडद्याला नाक लागेल एवढ्या जवळ उभी राहूनही आतलं बोलणं ऐकू येईना, नुसते ओठ हलताना दिसत होते. मेघालीने क्षितिजाचं मनगट धरलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात काहीतरी चकाकत होतं. मृणालीने पडद्याला हात घातला, तोच लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले.

"…टोक लोंबतंय ना गं. कुठं अडकलं तर रगत निघंल," मेघाली म्हणत होती. तिच्या हातात नेलकटर होतं. "दे, काढून देते."

"नको." क्षितिजाने हात सोडवून घेतला, बोट तोंडात घातलं, टोक तोडलं आणि गिळलं. तिचा गळा हललेला मृणालीला दिसला.

"पोटात दुखंल, येडे. घरी आईला बरा देतेस हात."

"घरी आई सगळी गोळा करते. इथे खाली पडलं आणि कुणी उचललं तर?"

"कोण उचलंल तुझं नख?" मेघाली हसली.

क्षितिजाने थोडा विचार केला. मग समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सांगतात तसं, अगदी हळू म्हणाली, "तू."

मेघालीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने नेलकटर मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"तर मग गिळू नको, बाय. खिशात टाकत जा. घरी घेऊन जा."

पडदा हलला असावा. मेघालीने वर पाहिलं.

"या, ताई," ती म्हणाली. बसा मात्र म्हणाली नाही.

मृणाली आत येऊन खाली बसली. बोलायला हवं होतं. शेवटी तिने हात पुढे केला.

"माझी वाढलीत. काढतेस?"

मेघाली त्या हाताकडे बघत राहिली. मग मृणालीकडे.

"खाली पेपर घालू?"

"नको."

नेलकटरचा आवाज झाला आणि पहिलं नख उडून पलंगाखाली गेलं.

"आई, ते पडलं," क्षितिजा कुजबुजली. ती शोधायला वाकलीसुद्धा होती.

"असू दे."

क्षितिजा आईच्या तोंडाकडे बघत तशीच ओणवी राहिली. दुसरं नख पडलं, तिसरं पडलं. आई उठली नाही. मग ती सरकत सरकत काकीजवळ गेली आणि सुजलेलं बोट आत दुमडून तिने नुसती करंगळी पुढे केली.

मेघालीने ती हातात घेतली. मृणाली समोरच्या भिंतीकडे बघत होती. पलंगाखाली कुठल्या लादीवर आपलं नख पडलंय, ते तिला न बघताही ठाऊक होतं.