आवाज माझा, कोपर ड्यूईचं

मी हातमोजा बोलतोय. थंडीत घालतात तो लोकरी समजू नका. बेसबॉलमध्ये झेलणाऱ्याच्या डाव्या हातात असतो तो, गाईच्या चामड्याचा, जाडजूड आणि पोटाशी खोलगट. मी आज गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा मालक लीलंड. तो सामन्यात कधीच उतरला नाही. मैदानाच्या कुंपणामागे राखीव गोलंदाजांची जागा असते, तिला आमच्याकडे बैलांचा गोठा म्हणतात. नाव अगदी बरोबर ठेवलंय! इथे माणसं बांधून ठेवतात आणि गरज लागली की सोडतात. त्यांचे चेंडू झेलून त्यांना तयार करायचं, हे लीलंडचं काम. मी नवा असताना त्यानं मला तेल चोळलं, पोटात चेंडू कोंबून गादीखाली दाबलं, मुठीनं बुकलून काढलं. कशासाठी? तर मी वाजावं म्हणून. चेंडू नेमक्या जागी झेलला की मी धाडकन वाजतो आणि गोलंदाजाला वाटतं, आज आपला हात म्हणजे तोफ आहे. गोठ्यातल्या झेलणाऱ्याचं खरं कसब ते हेच.

आमच्या गोठ्यातला गोलंदाज ड्यूई प्रेथर, त्याला मात्र माझ्या मदतीची गरज नव्हती. उंच, लाजाळू, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. पण चेंडू सुटायचा तो ताशी शंभर मैलांनी. पहिल्याच दिवशी लीलंड कळवळला, "अरे, माझा हात काय उसना आणलाय का?"

"मग घरी बसून विणकाम कर की, म्हाताऱ्या!" ड्यूई म्हणाला.

सामना संपत आला आणि आघाडी एका धावेची असली की त्याला सोडायचे. तो समोरच्यांना बाद करायचा आणि सूर्यफुलाच्या बिया चघळत घरी जायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

माझा राग आहे तो गोठ्याच्या भिंतीवरच्या फोनवर. तो वाजला की गोठ्यातल्या गोलंदाजांना शिकवणारे आमचे मिल्ट मास्तर उचलायचे. पलीकडून संघाचे साहेब सांगायचे, "ड्यूईला गरम करा." ड्यूई उठून जीव तोडून चेंडू टाकायचा. तेवढ्यात आपल्या संघानं धावा काढून आघाडी वाढवली, त्याची गरज उरली नाही, की पुन्हा फोन, "बसवा." ड्यूई बसायचा, घाम वाळायचा, हात गार पडायचा. जरा वेळानं पुन्हा, "गरम करा." अहो, कालची आमटीसुद्धा कोणी इतक्यांदा गरम करत नाही!

आणि गोठ्यात टाकलेला चेंडू कुठेही मोजला जात नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, ड्यूईला काल विश्रांती. विश्रांती? मग माझ्या पोटाची साल निघाली ती काय हवेनं?

तक्रार करायची नाही, अशी इथली रीत. हात कसा आहे, असं विचारलं की उत्तर एकच, "मस्त." दुसरं काही म्हणणारा नाजूक ठरतो आणि त्याची जागा जाते. ड्यूईच्या कोपरावर आधी एकदा शस्त्रक्रिया झाली होती. आता आतला अस्थिबंध पुन्हा फाटला तर खेळ कायमचा संपेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे गोठ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

सप्टेंबरातल्या एका सामन्यात फोन वाजतच राहिला. गरम करा, बसवा, गरम करा. शेवटच्या खेपेला पहिला चेंडू आला आणि मला कळलं. त्याच्यात जीवच नव्हता. ड्यूई हात झटकत होता.

"काय रे?" लीलंडनं विचारलं.

"काही नाही. दे चेंडू."

"कोपर?"

"म्हटलं ना, काही नाही!"

साहेब फोनवरच होते. मिल्ट मास्तर ओरडले, "लीलंड, कसा येतोय?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. लीलंड म्हणाला, "बंदुकीची गोळी!" आणि पुढचा मरतुकडा चेंडू त्यानं मनगट पुढे हाणून असा झेलला की मी कधी नव्हे इतका वाजलो. मास्तरांनी रिसीव्हर माझ्या दिशेला धरला. "ऐकलंत ना, साहेब?"

लीलंड दुष्ट नाही. मित्राला धीर द्यायला गेला तो. पण असला धीर चुलीत घाला!

मैदानात गेल्यावर चौथ्या चेंडूला ड्यूई कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, "ताजातवाना होता तो. दोन दिवस खेळलाच नव्हता."

थंडी पडायच्या आधी ड्यूई सामान न्यायला आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. "तुला सांगू?" तो लीलंडला म्हणाला, "मी त्या दिवशी नाही म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तुझा हातमोजा असा काही वाजला की वाटलं, दुखतंय ते माझ्या डोक्यातच. तू होतास म्हणून उभा राहिलो बघ. उपकार झाले तुझे."

लीलंडनं मान खाली घातली. "जप स्वतःला," एवढंच म्हणाला. तेव्हाही खरं बोलला नाही! माझं बोलणं माणसांना ऐकू जात असतं तर मीच ओरडलो असतो.

आता माझ्या शिवणी उसवल्यात आणि लीलंड टाके घालून मला चालवतोय. ड्यूईच्या जागी नवा गोलंदाज आलाय, त्याच्याहूनही जोराचा. काल फोन वाजला तेव्हा तो कोपर चोळतच उठला. लीलंडनं मला पुढे धरलं, मी धाडकन वाजलो आणि त्या गोलंदाजाचा चेहरा खुलला. बाबा रे, हसू नकोस. मी लीलंडच्या मनगटानं वाजतो. हात कसा आहे ते तुझ्या कोपरालाच विचार, आणि ते रडत असेल तर त्या फोनला सरळ सांग, आज नाही.